कोलकात्यात फोटोवॉक नेताय? आधी एकटे फिरून या

मुंबई-पुण्याच्या घड्याळावर तिथे विसंबू नका. डिसेंबरात कोलकात्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि पाचलाच मावळतो, म्हणजे आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी. हावडा पुलाजवळच्या मलिक घाट फूलबाजारात गट न्यायचा असेल, तर आदल्या पहाटे कॅमेरा पिशवीतच ठेवून एक फेरी मारा. डोक्यावर झेंडूच्या माळांचे भारे घेतलेले हमाल कुठून धावत येतात, हे नीट पाहा. त्या वाटेत आपला एकही माणूस उभा राहता कामा नये. त्यांची ती रोजीरोटी आहे. सहा-सातांपेक्षा मोठा गट नकोच. कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीत मूर्तिकाराला ‘दादा, छोबी तुलबो?’ (दादा, फोटो काढू का?) एवढं बंगालीत विचारायला सगळ्यांना शिकवा, आणि नकार आला तर कॅमेरा लगेच खाली.