शरदातील ऊन आणि घरातील झाडांची निगा

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. थंड प्रदेशांसाठी लिहिलेल्या बागकामाच्या माहितीत या दिवसांत झाडांचे पाणी कमी करावे आणि खत थांबवावे असे सांगितलेले असते, आणि तिथल्या हवामानाला ते योग्यच आहे. महाराष्ट्रात मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास पाऊस परततो, आकाश निरभ्र होते आणि चार महिने ढगाळ प्रकाशात वाढलेली कोवळी पाने एकाएकी प्रखर उन्हासमोर येतात. त्यामुळे आपल्याकडे शरदातील निगेची सुरुवात ऊन आणि पाणी यांचा नव्याने अंदाज घेण्यापासून करावी लागते.

सर्वांत आधी दक्षिणेकडील खिडकी पाहावी. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य माध्यान्ही किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या काळात या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. सप्टेंबरच्या अखेरीस तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला जातो, ऑक्टोबरच्या मध्याला माध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ६३ अंशांवर असतो आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात ४८ अंशांपर्यंत खाली येतो. तोवर ऊन खिडकीतून तिरपे, दिवसेंदिवस अधिक आत शिरत राहते. जुलैत ज्या जागी पीस लिली, सिंगोनियम किंवा कॅलाथिया सुखात होते, त्याच जागी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या पानांवर फिकट आणि मग कागदासारखे कोरडे, तपकिरी डाग पडतात, आणि करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी ११ ते ३ या वेळेत ऊन कुठवर येते ते पाहून नाजूक झाडे दोन-तीन फूट आत सरकवावीत, किंवा पातळ पांढरा पडदा लावावा. स्नेक प्लांट, क्रोटन आणि अडेनियम यांना ऊन मानवते, तरीही त्यांना आधी सकाळचे तासभर ऊन द्यावे आणि दहा-बारा दिवसांत ते वाढवत न्यावे. उत्तरेच्या खिडकीतील प्रकाश याच काळात कमी होतो, म्हणून तिथला अरेका पाम खिडकीच्या अधिक जवळ आणावा. मनी प्लांट आणि झेडझेड प्लांट तिथे निभावून नेतात.

पाणी देताना वार ठरवून चालत नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी स्थिती, तीच कुंडीतही हवी. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे, ओले लागले तर त्या दिवशी थांबावे. मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते, आणि खिडकीजवळची झाडे आतल्या झाडांपेक्षा अधिक पाणी मागतात. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांची माती मात्र पूर्ण सुकू द्यावी. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार सुकले तर आकसते आणि वरून ओतलेले पाणी कडेने तसेच निघून जाते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवून मग चांगली निथळू द्यावी.

कुंडीखालच्या बशीतील पाणी लगेच ओतून द्यावे आणि बाटलीत लावलेल्या मनी प्लांटचे पाणी दर आठवड्याला, बाटली आतून घासून, बदलावे. पावसाळ्यानंतरचे हे दिवस डेंग्यूचे असतात आणि तो पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. घरातल्या माणसांसाठी ही काळजी झाडांच्या काळजीइतकीच आवश्यक आहे.

पावसात गॅलरीत ठेवलेल्या कुंड्यांची माती दबलेली असते आणि त्यातील अन्नद्रव्येही वाहून गेलेली असतात. वरची इंचभर माती मुळांना धक्का न लावता खुरप्याने मोकळी करून आठ इंची कुंडीला मूठभर गांडूळखत मिसळावे. खत ओल्या मातीतच द्यावे. मुळे तळाच्या भोकांतून बाहेर आली असतील तर एक आकार मोठी कुंडी द्यावी, परंतु त्यासाठी ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरण्याची वाट पाहणे श्रेयस्कर.

कोरड्या, उष्ण हवेत लाल कोळी वाढतो; पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वरून टाचणीएवढे फिके ठिपके ही त्याची खूण आहे. देठांच्या बेचक्यात कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा. दोन्हींसाठी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे, आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. कीड लागलेली कुंडी तोवर इतरांपासून दूर ठेवावी.

दिवाळीच्या साफसफाईत रंगकामाची भुकटी आणि नंतर फटाक्यांच्या धुराची काजळी पानांवर बसते. रुंद पाने साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावीत. चकाकीसाठी तेल लावू नये, त्यावर धूळ अधिक चिकटते. पणत्या आणि दिव्यांच्या गरम माळा पानांना टेकू देऊ नयेत. सुट्टीत गावी जाणार असाल तर कुंड्या भरपूर पाणी देऊन, निथळून, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात जवळजवळ ठेवाव्यात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून नाशिक आणि नागपूरकडे रात्री गार होऊ लागतात. तिथे कॅलाथिया आणि पीस लिली रात्री उघड्या खिडकीपासून दूर घ्यावीत, खत थांबवावे आणि पाणी सकाळीच द्यावे. मुंबई आणि कोकणपट्टीत थंडी सौम्य असल्यामुळे हे बदल महिनाभर उशिरा केले तरी चालतात.