गाडी सेल्फ घेत नसेल तर आधी कान द्यावा

तालुक्याचा मेकॅनिक गावात पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, म्हणून अंगणातली छोटी सेडान सकाळी सुरू झाली नाही तर बॉनेट उघडण्यापूर्वी चावी फिरवून ती कोणता आवाज करते ते नीट ऐकावे. बहुतेक दोष त्या आवाजावरूनच ओळखता येतात. क्लच पूर्ण दाबलेला आहे आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’वर (न्यूट्रल) आहे, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

नुसती टक्-टक् ऐकू आली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे असे समजावे. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या उष्णतेने बॅटरीची आतून झीज होते, आणि उन्हाळ्यात अधू झालेली हीच बॅटरी डिसेंबरच्या गार पहाटे हात टेकते. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असल्यास बंद गाडीत तो बॅटरीच्या दोन टोकांना लावून पाहावा. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली आकडा आला तर ती जवळजवळ रिकामी असते. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला असेल तर आधी ऋण व नंतर धन तार सोडवावी, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने थर पुसावा, कोरडे करावे आणि तारा उलट क्रमाने घट्ट बसवाव्यात. एवढ्यानेच पुष्कळ गाड्या सुरू होतात.

तरीही जमले नाही तर शेजाऱ्याची कार किंवा १२ व्होल्टचा ट्रॅक्टर जवळ आणावा. मालट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते, तिला केबल मुळीच जोडू नये; गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. फुगलेल्या किंवा तडा गेलेल्या बॅटरीलाही केबल लावू नये. दोन्ही इंजिने बंद ठेवून लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला लावावे, कारण बॅटरीजवळ ठिणगी पडणे धोक्याचे असते. मग मदतीची गाडी काही मिनिटे चालू ठेवून आपली सुरू करून पाहावी.

दिवे लख्ख असताना एकच मोठा ‘टक’ आवाज आला, तर दोष बहुधा स्टार्टरमध्ये, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरमध्ये, असतो व तो मेकॅनिकचा विषय आहे.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी पेट्रोल गाडीची चावी केवळ ‘ऑन’ करावी आणि मागच्या सीटखालून इंधन पंपाची दोनेक सेकंदांची घरघर येते का, ते ऐकावे; न आल्यास फ्यूज तपासावा. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नसावी; दुसऱ्या चावीने प्रयत्न करावा. घरात कापूस साठवण्याच्या दिवसांत उंदरांनी तारा कुरतडलेल्या नाहीत ना, हेही बॉनेटखाली पाहावे. पेट्रोलचा वास आल्यास पुन्हा सेल्फ मारू नये. एरवीही एका वेळी १० सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

धक्का देऊन सुरू करण्याची सवय फक्त मॅन्युअल गाडीपुरतीच ठेवावी, आणि बॅटरी पूर्ण मेली असेल तर तेही व्यर्थ, कारण इंजिनाच्या संगणकाला व पंपाला वीजच मिळत नाही.