सागाडाच्या कड्यावरच्या शवपेट्या पाहायला जाताना या चुका टाळा

फिलिपीन्सच्या लुझोन बेटावर, डोंगराळ कॉर्डिलेरा भागात सागाडा हे गाव आहे. इगोरोट म्हणजे या डोंगरांतले मूळ रहिवासी. त्यांच्यापैकी कांकनाय लोकांनी इथल्या चुनखडीच्या कड्यांवर आपल्या माणसांच्या शवपेट्या टांगल्या आहेत. बहुतेक पर्यटक त्यांना जुने अवशेष समजतात आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. प्रथा आता विरळ झाली असली, तरी अगदी 2010 सालीही इथे एक पेटी कड्यावर चढवली गेली. त्या पेट्यांत ज्यांना ठेवलं आहे, त्यांचे वंशज याच गावात राहतात. आपण त्यांच्या दफनभूमीत पाहुणे म्हणून जातो.

फोनवरचा नकाशा पाहून परस्पर एको व्हॅलीत, म्हणजे या टांगलेल्या पेट्या जिथे आहेत त्या दरीत, उतरू नका. आधी पर्यटन कार्यालयात नोंदणी करा, शुल्क भरा, गाइड घ्या. गाइड सक्तीचा आहे. पावती जपून ठेवा, वाटेत मागतात.

गाइड घेऊन फक्त फोटो काढून परतणं ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक. त्याला विचारा. काही पेट्या इतक्या आखूड का? कारण मृतदेह गुडघे छातीशी घेऊन, गर्भातल्या बाळासारखा ठेवत. लांब पेट्या अलीकडच्या. कड्याला खुर्ची का बांधली आहे? अंत्यविधीत मृताला आधी खुर्चीत बसवतात, तीच पुढे पेटीजवळ टांगतात. कड्यावर जागा सरसकट सगळ्यांना मिळत नसे, तो ज्येष्ठांचा मान. जमेल तेव्हा म्हातारी माणसं स्वतःची पेटी स्वतःच कोरून ठेवत. हे कळल्यावर माणूस त्या कड्याखाली सेल्फीसाठी उभा राहत नाही.

दरीच्या नावामुळे अनेकांना हाका मारून प्रतिध्वनी ऐकायचा मोह होतो. तो आवरा. वाट सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीतून जाते. 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी इथे कबरींपाशी मेणबत्त्यांऐवजी पाइनची लाकडं पेटवतात. तेव्हा तिथे असाल, तर विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका.

लुमियांग गुहेच्या तोंडाशी पेट्या एकावर एक रचलेल्या आहेत, अगदी जवळ. झाकण उचलून पाहणं सोडाच, हातही लावू नका.

आता अडचणी. गावात पारंपरिक विधी असला, तर काही जागा बाहेरच्यांना बंद असतात. जास्त पैसे देतो म्हणून गाइडला गळ घालू नका, निर्णय त्याच्या हातात नसतो. जून ते ऑक्टोबर पाऊस असतो, वाट निसरडी होते आणि डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात. मनिलाहून बसने जवळपास 12 तास लागतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. गुडघे दुखत असतील, तर सुगोंगच्या पेट्या पाहा, त्या रस्त्याच्या बाजूने दिसतात.

आणि लुमियांगला जायचं म्हणताना फक्त तोंडापर्यंतच जायचं आहे, हे स्पष्ट सांगा. नाहीतर लुमियांग ते सुमागिंग ही दोन गुहांना जोडणारी, आतल्या आत जाणारी वाट तुमच्या गळ्यात पडेल. तिला 3 ते 4 तास लागतात, दोर धरून उतरावं लागतं आणि कपडे भिजतात.