तंजावरची डोलणारी बाहुली घरी कशी करावी

तंजावरची राजा-राणीची बाहुली आडवी पाडली तरी डोलत डोलत पुन्हा उभी राहते. कावेरीकाठच्या या तमिळ मुलखावर आधी तेलुगू नायकांनी आणि पुढे १८५५ पर्यंत भोसल्यांनी राज्य केले. दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत शेजारी नांदल्या. या सरमिसळीची खूण म्हणून ही बाहुली करायची असेल, तर नुसत्या रंगरंगोटीवर भागत नाही. ती डोललीच पाहिजे.

प्रथम १० सेंटिमीटर व्यासाचा रबरी चेंडू मधोमध कापून एका अर्ध्या भागाला आतून तेल लावावे, त्यात कापूस मिसळून मळलेली शाडूची माती ठासून भरावी आणि पंधरवडाभर सावलीतच सुकू द्यावी, कारण उन्हात ती हमखास तडकते.

दरम्यान वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, वाटून, घट्ट पिळावेत व त्यात मैद्याची खळ मिसळावी. (कीड लागू नये म्हणून कारागीर खळीत मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट घालतात, ते विषारी असल्याने घरात मुले असतील तर टाळावे.) हा लगदा १२ सेंटिमीटर उंचीच्या कागदी पुंगळीवर अगदी पातळ थापून धड करावे. डोकेही पोकळच ठेवावे.

सुकलेले धड खळीने मातीच्या तळावर चिकटवल्यावर खरी परीक्षा होते. बाहुली बोटाने कलंडून सोडावी. ती पडूनच राहिली, तर संपूर्ण बाहुलीचा गुरुत्वमध्य तळाच्या अर्धगोलाच्या सपाट बाजूच्या वर गेला आहे, असे समजावे. अशा वेळी तळाला मातीचे ठिगळ लावू नये, त्याने गोलाई बिघडते. डोके व खांदे पॉलिशपेपरने घासून हलके करावेत. ही चाचणी रंगाआधीच करावी, कारण रंगवलेली बाहुली घासणे जिवावर येते.

मग खडूची पूड व डिंक यांचे पातळ लेप द्यावेत. राजाच्या डोक्यावर तंजावरी मराठ्यांची उंच टोकदार पगडी शोभते. ती घडवण्यासाठी तंजावरच्या राजवाड्यातील भोसले राजे दुसरे सरफोजी यांचा संगमरवरी पुतळा, म्हणजे निदान त्याचे छायाचित्र, समोर ठेवावे. राणीला मात्र नऊवारीच नेसवण्याचा हट्ट धरू नये. तमिळ पद्धतीचे दागिने आणि केसांतला गजरा तिला जास्त खुलतो. डोळे सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने रेखावेत आणि रंग पूर्ण वाळल्यावरच वॉर्निश द्यावे.