अँड्रॉइड स्टुडिओत एम्युलेटर चालेना? आधी हे तपासा

हिंजवडीतली नोकरी असो की सदाशिव पेठेतल्या खोलीवरचा कॉलेजचा प्रोजेक्ट, अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये एम्युलेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच चालणारा, नवा आभासी फोन बनवताना अडतं ते बहुधा व्हर्च्युअलायझेशनपाशी, म्हणजे एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवण्याच्या प्रोसेसरच्या सोयीपाशी.

विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू उघडा. 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे 'डिसेबल्ड' दिसलं, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम मोड चालू करा. 'एनेबल्ड' असूनही रडगाणं सुरूच असेल, तर विंडोज फीचर्समध्ये 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म'वर टिक करून रीस्टार्ट करा. जुन्या व्हिडिओंत सांगितलेल्या हॅक्समच्या (एम्युलेटरचा वेग वाढवणाऱ्या इंटेलच्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका. इंटेलने त्याचं काम २०२३ मध्येच थांबवलं.

सिस्टिम इमेज (आभासी फोनमधली अँड्रॉइडची प्रत) प्रोसेसरला जुळणारी घ्या: इंटेल-एएमडीला एक्स८६_६४, एम-सिरीजच्या मॅकला आर्म६४. इमेज एक जीबीच्या आसपास किंवा जास्तच असते, त्यामुळे हॉटस्पॉटवर अर्ध्यात तुटली तर अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमधून काढून पुन्हा उतरवा.

एक छुपी गोम: विंडोजचं युजर फोल्डर 'स्नेहा' असं देवनागरीत असेल, तर एम्युलेटरला ती वाट सापडत नाही. डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचा, स्पेस नसलेला फोल्डर करून 'अँड्रॉइड_एव्हीडी_होम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (विंडोजच्या सेटिंगमध्ये) त्याचा पत्ता द्या. व्हेरिएबलचं नाव मात्र इंग्रजी कॅपिटलमध्ये.

पडदा काळाच? ग्राफिक्स 'सॉफ्टवेअर'वर टाका, मग 'कोल्ड बूट' (आभासी फोन पहिल्यापासून सुरू करणं). 'वाइप डेटा' शेवटी, कारण त्यात टाकलेली ॲप्सही जातात.

आणि लॅपटॉपवरचा सर्व्हर एम्युलेटरमधून लागत नसेल, तर लोकलहोस्टऐवजी (एम्युलेटरमध्ये त्याचा अर्थ एम्युलेटर स्वतःच) १०.०.२.२ लिहा.