मायक्रोकंट्रोलरवरून मेन्सचा (घरातल्या विजेवरचा) लाइट चालू-बंद कसा करायचा

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर मिळतात ३.३ व्होल्ट आणि साध्या ५ व्होल्ट रिलेची (छोट्या करंटवर चालणारा स्विच) कॉइल खाते ७० मिलीअँपच्या आसपास, त्यामुळे रिले डायरेक्ट पिनला लावू नका, पिन जाईल. मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर टाका, त्याच्या बेसला (पिनकडून सिग्नल घेणारा पाय) ४७० ओहमचा रेझिस्टर, आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच, कारण रिले सुटताना कॉइल जो झटका मारते त्याने ट्रान्झिस्टर उडतो. रेडिमेड मॉड्यूलवर हे सगळं असतं, फक्त बरीच मॉड्यूल पिन लो (० व्होल्ट) केल्यावर ऑन होतात ते बघून घ्या.

आता मेन्स, इथे घाई नको. एमसीबी (बोर्डवरचा त्या लाइनचा ब्रेकर) पाडा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर चेक करा, मग वायरवर लावून बघा, मगच हात घाला. फेज तोडून रिलेच्या कॉम (कॉमन) आणि एनओ (एरवी उघडा, रिले ऑन झाल्यावर जोडला जाणारा) टर्मिनलमधून न्या, न्यूट्रल सरळ बल्बला. न्यूट्रल तोडलात तर लाइट बंद दिसतो पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. फेजवर फ्यूज टाका आणि सगळं बंद प्लॅस्टिक बॉक्समध्ये बसवा, उघडं अजिबात ठेवू नका.

एलईडी बल्ब असेल तर मी मेकॅनिकल रिलेच घेईन, सॉलिड स्टेट रिले (हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) बंद असतानाही थोडा करंट गळू देतो, त्या लीकेजमुळे बंद केलेला बल्बही कधीकधी मिणमिणत राहतो.