एआय एजंटच्या टूल्सवर परवानग्या आणि रेट लिमिट कसे लावावेत

एआय एजंट म्हणजे टूल्स वापरून स्वतः कामं करणारं मॉडेल. त्याच्या सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सूचनांत, ‘विचारल्याशिवाय रिफंड देऊ नकोस’ असं लिहिलं म्हणजे सुरक्षा झाली, हा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. ग्राहकाच्या ईमेलमधली एखादी खोडसाळ ओळ त्या सूचनेवर मात करू शकते. सॉफ्टवेअर डेव्हलपर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं आणि त्यावर शंभर टक्के खात्रीचा उपाय अजून नाही. म्हणून नियम मॉडेलच्या बाहेर हवेत: एजंट आणि टूल यांच्यामधल्या गेटवेत, म्हणजे प्रत्येक कॉल जिथून जातो त्या थरात, साध्या कोडमध्ये.

ऑनलाइन दुकानाचा ग्राहकसेवा एजंट घेऊ. त्याच्याकडे ऑर्डर शोधणं, रिफंड देणं, ईमेल पाठवणं आणि वेबपेज वाचणं अशी चार टूल्स आहेत.

परवानगीच्या यादीत नाही ते टूल बंद. प्रत्येक टूलला वेगळं क्रेडेन्शियल (लॉगिन किंवा की) द्या, आणि ऑर्डर शोधणाऱ्या डेटाबेस युजरला फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, अधिकार. ग्राहकाचा आयडी मॉडेलने दिलेला चालवू नका, लॉगिन सेशनमधूनच घ्या.

एका रनमध्ये, म्हणजे एक काम सुरू होऊन संपेपर्यंत, बाहेरचा मजकूर वाचला गेला, की त्यापुढे ईमेल आणि रिफंड माणसाच्या मंजुरीशिवाय जाता कामा नयेत. मंजुरीच्या स्क्रीनवर मॉडेलने केलेला सारांश नको. खरी रक्कम आणि खरा पत्ता दिसू द्या.

आता रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळात किती कॉल्स चालतील याची मर्यादा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. ‘मिनिटाला ६० रिक्वेस्ट लावा, झालं’ हा सल्ला एजंटच्या बाबतीत निरुपयोगी आहे. माणूस अडला की थांबतो, एजंट दुसरी वाट शोधतो.

पहिला प्रश्न, मोजायचं कोणाच्या नावावर? सगळे एजंट एकाच एपीआय कीवर (सेवा वापरण्याच्या किल्लीवर) चालत असतील आणि मोजणी त्या कीवरच असेल, तर बिघडलेला एक रन बाकीच्यांचा कोटा खाऊन टाकतो. मोजणी तीन पातळ्यांवर हवी: वापरकर्ता, टूल आणि तो एक रन. शिवाय एकाच डेटापर्यंत पोचणाऱ्या टूल्सची बकेट, म्हणजे कोटा, सामाईक ठेवा. नाहीतर, समजा ‘ऑर्डर एक्सपोर्ट’ हे टूलही दिलं असेल, तर ‘ऑर्डर शोधा’ अडवलं की एजंट तिकडे वळतो आणि दहाऐवजी दहा हजार ओळी घेऊन येतो.

मिनिटाची ठरावीक खिडकी नको. १०:००:५९ ला पूर्ण कोटा आणि १०:०१:०० ला पुन्हा पूर्ण कोटा, असा दुप्पट मारा सुटतो. टोकन बकेट वापरा: प्रत्येक कॉलला एक टोकन खर्च होतं, टोकन संपली की कॉल अडतो. सुरुवातीला १० टोकन, दर ६ सेकंदांनी एक भर. समांतर पाच कॉल्स अडत नाहीत, पण सततचा मारा मिनिटाला दहावर येतो.

रिफंडला कॉल्सची संख्या मोजून काही साधत नाही. पन्नास रुपयांचे दहा रिफंड चालतील, पन्नास हजारांचा एक चालणार नाही. तिथे रुपये मोजा: ऑर्डरमागे कमाल रक्कम, दिवसाची कमाल रक्कम. आणि आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तर ओळखण्याची खूण) गेटवेनेच ऑर्डर क्रमांक आणि रक्कम यांवरून बनवावी. मॉडेलवर सोपवली तर ते प्रत्येक प्रयत्नाला नवी देईल आणि पैसे दोनदा जातील.

रिट्रायची, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा करण्याची, गोष्ट तर कोणी सांगतच नाही. एचटीटीपी लायब्ररी तीनदा प्रयत्न करते, वर मॉडेल ते टूल तीनदा बोलावतं, म्हणजे नऊ कॉल्स. रिट्राय एकाच जागी ठेवा, मी गेटवेत ठेवतो. नुसता ४२९ कोड (‘मर्यादा ओलांडली’ हा एचटीटीपीचा नकार) मॉडेलच्या हाती देऊन उपयोग नाही. किती वेळाने पुन्हा यावं हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दोन-चार सेकंदांचा प्रश्न असेल तर गेटवेनेच थांबावं. जास्त असेल तर उत्तर शब्दांत द्या: ‘ऑर्डर शोधण्याची मर्यादा संपली. ४० सेकंद कॉल स्वीकारले जाणार नाहीत. पर्यायी टूल वापरू नका, ग्राहकाला कळवून थांबा.’ तरीही एजंट ऐकेलच असं धरू नका. तेच टूल, तेच आर्ग्युमेंट, तिसऱ्यांदा नकार, की तो रनच बंद करा. नाकारलेले कॉल्स मोजणीतून वगळणारी व्यवस्था इथेच फसते.

नियम आधी आठवडाभर फक्त लॉगिंगवर चालवा, कोणते कॉल्स अडले असते ते बघा आणि मग आकडे पक्के करा. लॉगमध्ये आर्ग्युमेंट्स असू द्या, पासवर्ड आणि ॲक्सेस टोकन झाकून.

शेवटी बंद करण्याचं बटण. ते टेस्टिंगमध्ये, रन चालू असताना दाबून बघा. नवे कॉल्स थांबतात, पण रांगेत पडलेले ईमेल जातच राहतात, असं बऱ्याचदा आढळतं. रांगेतून काम उचलतानाही परवानगी पुन्हा तपासा.